तांदळातली मंजिरी

ह्यांनी अंगठी तांदळात टेकवली आणि पहिलं अक्षर काढलं. 'मं'.

मी नवरीनं बसावं तशी मान खाली घालून बसले होते, पण डोळे ताटातच होते. मिरजेच्या घरात लक्ष्मीपूजन चाललं होतं. माप ओलांडून आत येऊन फार वेळ झाला नव्हता. बायकांनी सगळी खोली भरली होती आणि सगळ्या ताटाकडं वाकून बघत होत्या. हे ड्रॉइंगचे मास्तर, त्यामुळे नुसतं नाव लिहून कसं चालेल? अक्षराला वेलांटी, वेलांटीला पान, पानाला कळी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई मागून म्हणाल्या, "चंदू, नाव लिही रे बाबा, रांगोळी नको काढूस."

मला मात्र कोण आनंद झाला होता! माझं माहेरचं नाव हौसाबाई. आजीचं नाव. आजी गेली आणि मी झाले, मग दुसरं कुठलं नाव ठेवणार? शाळेत पोरी मला चिडवायच्या, "हौसेला मोल नाही, हौसेला मोल नाही!" ते नाव आता सुटणार म्हणून मी लग्न ठरल्यापासून वाट बघत होते. 'मं' म्हणजे मंदाकिनी असेल. मंगल असेल. मंगल पण चालेल, म्हटलं.

मग 'जि' आलं. मग 'री'.

माझ्याबरोबर पाठराखीण म्हणून आलेली सुंदरामावशी शेजारीच बसली होती. तिनं ताटात बघितलं आणि तिला ठसका लागला. ठसका कसला, डोंबल! पदर तोंडात कोंबून हसत होती मेली. आत्याबाई म्हणाल्या, "पाणी द्या गं विहीणबाईंना." बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी पेढ्यांचं ताट फिरवलं आणि सगळ्या एकमेकींना सांगू लागल्या, "मंजिरी. नाव मंजिरी ठेवलं. छान आहे की नाही?"

छान होतंच. फक्त ते आमच्या कुत्रीचं नाव होतं.

आता तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या कुत्रीचं नाव मंजिरी कसं? आमचं गाव कृष्णेच्या काठचं, उसाचं. गावात सगळी कुत्री मोत्या नाहीतर वाघ्या. पण आमचे दादा, म्हणजे माझे वडील, रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम कधी चुकवायचे नाहीत. त्यात खतं-औषधांची माहिती सांगणारी एक बाई होती, मंजिरी नावाची. पाटाच्या कडेला थंडीत कुडकुडणारं एक तांबडं पिल्लू दादांनी उचलून आणलं, रेडिओशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "हिचं नाव मंजिरी." लेकीचं नाव ठेवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कुत्रीचं त्यांनी हौसेनं ठेवलं.

आणि ती कुत्री तरी कशी? तिचं पोट जन्मापासून नाजूक. त्यात तिला शेण खायची सवय. वासराचं शेण पडलं की ही धावत जाणार आणि ताट मांडल्यासारखी खात बसणार. कधीमधी स्वतःची घाणसुद्धा सोडायची नाही. शी शी शी! मी तर तिला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. पण दादांचा दिवस मंजिरीच्या शीनं सुरू व्हायचा. सकाळी काठी घेऊन तिच्या मागोमाग रानात जायचे, तिचं झालं की काठीनं उलटंपालटं करून बघायचे. पातळ दिसलं तर दिवसभर तोंड पाडून बसायचे. चांगलं असलं तर लांबूनच आईला ओरडून सांगायचे, "आज बांधून झाली गं!" उसाला चांगला दर मिळाला तरी त्यांचा चेहरा एवढा फुलत नसे.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की जंत असतील, अंगात काहीतरी कमी पडत असेल, म्हणून शेण खाते. जंताचं औषध द्या, गोडधोड देऊ नका, ताकभात द्या, उकडलेला भोपळा द्या. झालं! जो माणूस तहान लागली तर जागेवरून "पाणी!" म्हणून हाक मारायचा, तो चुलीपुढं बसून भोपळा उकडू लागला. आई म्हणायची, "मी तापानं फणफणले तवा ह्यांनी चुलीत काटकी सारली न्हाई. आन् कुत्रीला भोपळा!" आम्ही सगळे हसायचो. मीही हसायची.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा द्यायला गेले तेव्हा ह्यांनी मला हळूच विचारलं, "नाव आवडलं ना?"

"हो."

"मी मुद्दाम ठेवलं. नवं नाव नको, माहेरी लाडानं हाक मारतात तेच असू दे म्हटलं. नवीन घरी तेवढंच ओळखीचं."

मला काही कळेना.

"यादीच्या बैठकीला आलो होतो ना, तेव्हा मी मोरीपाशी पाय धूत होतो. मागच्या अंगणातून तुझ्या दादांचा आवाज आला. 'मंजिरे, जेवलीस का गं बाय? पोट दुखतंय व्हय अजून? तू न्हाई खाल्लंस तर मला तरी घास जाईल का गं?' मी तसाच उभा राहिलो. मग तू चहा घेऊन आलीस. तोंड उतरलेलं होतं तुझं. म्हटलं, हीच ती मंजिरी, बरं नाही हिला."

तोंड उतरलं होतं ते नव्या चोळीच्या काचण्यानं.

"आमच्याकडं वडील मुलांशी असं बोलत नाहीत," हे म्हणाले. "आमचे आप्पा होते तोवर मला 'अरे'शिवाय हाक नव्हती. तू नशीबवान आहेस. तुझ्याशी नेहमी असंच बोलतात?"

"हो," मी म्हटलं.

तो 'हो' माझ्या तोंडातून कसा गेला, देव जाणे. गेला तो गेला. पुढं जे झालं ते त्या 'हो'पायीच.

आत्याबाई दिवसभर "मंजिरी, मंजिरी" करायच्या. "मंजिरी, दूध बघ." "मंजिरी, केर काढलास का?" दर वेळी मी आधी मागं वळून बघायची, ती माझ्यामागनं आत तर नाही ना आली! एकदा तर त्या म्हणाल्या, "मंजिरी, दारात कुत्रं आलंय बघ, हाकल त्याला," आणि मला रडावं की हसावं समजेना. पेठेत ओळखीच्या घरोघरी त्यांनी नावाचे पेढे वाटले. जो येईल त्याला सांगायच्या, "चंदूनं स्वतः निवडलं हो नाव. तिच्या माहेरचं लाडकं नाव आहे." मला धरणीनं पोटात घ्यावं असं व्हायचं.

सुंदरामावशी परत निघाली तेव्हा मी तिला दाराआड गाठलं. "मावशी, पाया पडते तुझ्या. आम्ही पाचपरतावणाला यायच्या आत सगळ्यांना सांगून ठेव. मंजिरीला कुणी मंजिरी म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"काहीही म्हणा. तांबडी म्हणा."

"आन् तुझा बाप ऐकंल?"

"माझ्या संसाराचा प्रश्न आहे म्हणावं."

मावशी आता हसत नव्हती. "सांगते," म्हणाली.

लग्नानंतर पाचव्या दिवशी नवरा-नवरीनं माहेरी जेवायला जायचं, ते पाचपरतावण. आम्ही जीप करून गेलो. हे, मी आणि आत्याबाई. ह्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा-लेंगा घातला होता. दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आई हसत होती, पण तिचा चेहरा ओढलेला होता. दादा कुठं दिसेनात.

"व्याही कुठं आहेत?" आत्याबाईंनी बसता बसता विचारलं.

"रानात गेल्यात. येतील इतक्यात," आई म्हणाली आणि मला डोळ्यानं आत बोलावलं.

चुलीपाशी पुरणपोळ्यांची चळत तयार होती. आईनं माझा हात धरला. "हौशे, मंजिरी काय वाचत न्हाई बघ."

"म्हणजे?"

"तुमच्या वराती दिवशी मांडवामागं उष्ट्याचा ढीग पडला हुता. जिलबी, बुंदी, मठ्ठा. आम्ही सगळी रडारडीत. तिनं पोट फुटंस्तवर खाल्लं. दुसऱ्या दिवसापासनं हगवण. डॉक्टर येऊन गेले, औषध दिलंय. पण काल दावं तोडून उसात जाऊन बसलीय. जनावर दुखायला लागलं की आडोसा धरतंय. तुझा बाप सकाळपासनं बांधावर हुबा हाय, 'तांबडे, तांबडे' करत. ती कशाला येतीया? तिला वाटत असंल, दुसऱ्याच कुणाला बोलावत्यात."

"मग मंजिरी म्हणून मारायची हाक!"

आईनं माझ्याकडं नुसतं बघितलं. "तुझा निरोप आल्यापासनं त्यांनी ते नाव तोंडातनं काढलं न्हाई, हौशे. घरात कुणी नसलं तरी न्हाई."

बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत. "जावई पहिल्यांदा जेवायला आलाय आणि सासरे रानात! आमच्याकडं अशी पद्धत नाही हो."

मला शरमेनं मेल्यासारखं झालं. आई पदरानं तोंड पुसत बाहेर गेली. मी मागच्या दारानं निघाले, म्हटलं दादांना हाताला धरून आणावं. तर मागून हे. "कुठं निघालीस? थांब, मीही येतो. तुमचं रान बघायचंय मला."

नको तरी कसं म्हणू?

दादा उसाच्या कडेला बांधावर उभे होते. हातात जर्मनचं पातेलं, त्यात ताकभात. आम्हांला बघून त्यांनी पातेलं पाठीमागं धरलं. चोरी पकडल्यासारखं. लग्नातला फेटा नाही, डोकं उघडं, दाढी वाढलेली. पाच दिवसांत माणूस एवढा वाळतो? मला तर ओळखू येईनात.

"या पावनं," ते म्हणाले. "माफी करा, जरा हितं… जनावर आजारी हाय."

"काय झालंय?" ह्यांनी विचारलं.

बस्स. एवढं कुणी विचारायचाच अवकाश होता. दादा सगळं विसरले. काठीनं उसाच्या पहिल्या सरीतलं दाखवत म्हणाले, "हे बघा. हे बघ हौशे. काल नुसतं पाणी हुतं, आज रगत पडतंय. हे आताचं हाय, माशा बी बसल्या न्हाईत अजून. पोटातलं आतडं सोलून निघाल्यागत झालंय."

नवा जावई, पांढरा सदरा, आणि माझा बाप त्याला कुत्रीची घाण दाखवतोय! वासानं माझं डोकं फिरलं. मी ह्यांच्याकडं बघायचं टाळत उसाच्या तुऱ्यांकडं बघत राहिले. पण हे खाली वाकले आणि म्हणाले, "खरंच रक्त आहे. औषध दिलं का?"

"ह्या भातात घातलंय. आली भाईर तर."

"मग हाक मारा की."

दादा उसाकडं तोंड करून म्हणाले, "तांबडे. ए तांबडे." जसं काही सोसायटीत जाऊन खत आलं का विचारावं, तसा आवाज. ऊस हलला नाही. आत कुठंतरी एक बारीक कुंई ऐकू आली आणि थांबली.

दादांनी माझ्याकडं बघितलं. मला सगळं समजलं, आणि तरी माझ्या तोंडातून शब्द निघेना. ह्यांचा पांढरा सदरा माझ्या शेजारीच होता.

दादांनी पातेलं बांधावर ठेवलं. "जाऊ द्या," ते म्हणाले. "चला पावनं, जेवायचं खोळंबलं असंल. विहीणबाई काय म्हणतील? कुत्रं ते. मेलं तर मेलं." आणि ते आमच्या पुढं चालू लागले. चालताना पाय एकीकडं टाकत होते आणि पडत होता दुसरीकडं. ज्या माणसानं रोज सकाळी काठी घेऊन तिचं पोट राखलं, तो तिला उसात तशीच टाकून चालला होता. का, तर माझं नाव राखायला.

मी वळले आणि ओरडले, "मंजिरे!"

"काय झालं?" हे दचकले. नवी नवरी उसापुढं उभी राहून स्वतःलाच हाका मारतेय म्हटल्यावर कुणीही दचकेल.

"मंजिरे! ए मंजिरे!"

काही नाही. माझ्या हाकेला ती कशाला येईल? जन्मभर मी तिला हाडहूड केलेलं.

दादा मागं वळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हौशे, गप. येडी झालीस का?"

"दादा, तुम्ही हाक मारा."

"अगं, पावनं—"

"पाव्हण्यांचं मी बघते. मारा म्हणते ना हाक! मरंल ती."

दादांनी एकदा ह्यांच्याकडं बघितलं. मग ते बांधावर उकिडवे बसले, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि इतके दिवस कोंडून ठेवलेला आवाज बाहेर काढला.

"मंजिरे… ए मंजिरे. ये गं बाय. जेवली न्हाईस गं तू. पोट दुखतंय व्हय? रुसलीस व्हय माझ्यावर? न्हाई गं, इसरलो न्हाई तुला. तू न्हाई खाल्लंस तर मला तरी घास जाईल का गं? ये माझी सोन्याची, ये."

हे एकदम ताठ उभे राहिले. त्यांनी दादांकडं बघितलं, उसाकडं बघितलं, आणि मग हळूहळू माझ्याकडं वळले.

मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. गेले पाच दिवस मी ह्याच क्षणाला घाबरत होते. कुत्रीचं नाव कळलं असतं तर काय झालं असतं? चार लोक हसले असते, मीही हसले असते, विषय संपला असता. लाज त्याची नव्हतीच. ज्या आवाजावर भाळून ह्यांनी मला नाव दिलं, तो आवाज माझ्यासाठी कधी निघालाच नव्हता. माझ्यासाठी होतं ते "हौशे, पाणी आण", "हौशे, वैरण टाक". बापाची माया आपल्या वाट्याची नव्हती, कुत्रीच्या वाट्याची होती, आणि आपण ती आपली म्हणून नवऱ्याला सांगितली, हे आता नवऱ्याला कळलं. उभ्या अंगाचा जाळ झाला माझ्या.

ऊस सळसळला. आधी नाक दिसलं, मग चिखलानं माखलेले पाय. मंजिरी पोटावर सरपटत बाहेर आली. मागचा भाग सगळा बरबटलेला, बरगड्या वर आलेल्या. दादांच्या पायावर तिनं डोकं टाकलं आणि शेपटीचं टोक तेवढं हललं. दादा तिला कुरवाळत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी गळत होतं. आईचा उंबरा ओलांडून मी गाडीत बसले तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. ते मांडव सोडायच्या कामात होते.

"पातेलं द्या इकडं," हे म्हणाले. खाली बसले, लेंग्यासकट त्या चिखलात, आणि तिचं डोकं धरलं. दादा एकेक घास तिच्या जबड्यात सरकवू लागले. मी आपली उभी.

तेवढ्यात मागून आत्याबाई आल्या. त्यांच्यामागं आई, धापा टाकत. "अहो विहीणबाई, मंजिरी तर व्याह्यांच्या जवळच उभी आहे!" आत्याबाई आईला म्हणत होत्या. "मग 'मंजिरे, मंजिरे' म्हणून एवढ्या हाका कुणाला चालल्यात?"

कुत्री घास गिळत होती. दादा तिला म्हणाले, "शाब्बास मंजिरे."

आत्याबाईंनी कुत्रीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग लेकाच्या लेंग्याकडं. आईनं पदर तोंडावर ओढून घेतला.

"हिचं नाव मंजिरी?"

"हो," हे म्हणाले.

"ह्या कुत्रीचं?"

"हो आई. माझं ऐकण्यात चुकलं."

"अरे कर्मा!" आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "अर्ध्या पेठेला पेढे वाटलेत रे मी! नाव ठेवायच्या आधी एका शब्दानं विचारायचं तरी. शेण खाल्लंस की रे!"

दादांना वाटलं, कुत्रीची चौकशी चाललीय. मान वर न करता ते म्हणाले, "न्हाई हो विहीणबाई. चार दिवसांत तिनं शेणाला तोंड लावलं न्हाई. आज नुसता ताकभात."

आत्याबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग त्यांनी पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. मग लक्षात आलं, बाई हसतेय. पण पुन्हा वळल्या तेव्हा तोंड पहिल्यासारखं कडक. "मिरजेत हे कुणाला कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "आता नाव बदलायचं नाही आणि कुठं बोलायचं नाही. चला, जेवण गार होतंय." त्या होत्या तोवर मी शब्द पाळला.

घराकडं येताना हे माझ्याबरोबर मागं राहिले. मग म्हणाले, "तुला दादा काय म्हणून हाक मारतात?"

"हौशे."

"आणि?"

"आणि काय? हौशे, गुरं बांध."

"मग त्या दिवशी हो का म्हणालीस?"

चिखलानं भरलेल्या त्यांच्या हातांकडं बघत मी म्हटलं, "तुम्हांला वाटलं, म्हणून मलाही वाटून घ्यावंसं वाटलं."

मोरीपाशी गेल्यावर ह्यांनी माझ्या हातून तांब्या घेतला आणि आधी माझ्या पायांवर पाणी घातलं. कुणी बघेल म्हणून मी पाय मागं घेतले, तरी घातलंच.

मग जेवणं झाली. पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं यथासांग. आत्याबाईंनी वर मागून कुरडई घेतली. मी वाढत होते. मग आहेर, हळदीकुंकू, मग आईची ओटी भरायची घाई, आणि तेवढ्यात जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. मला दादांशी बोलायचं होतं. पण काय बोलायचं ते मलाच माहीत नव्हतं, आणि ते पाहुण्यांच्या पंगतीतनं उठले ते सरळ गोठ्याकडं गेले होते.

आम्ही जीपमध्ये बसलो. आत्याबाई मध्ये, मी कडेला. आई दारात उभी राहून डोळे पुसत होती. गाडी सुरू झाली तेव्हा दादा गोठ्याकडून झपझप येताना दिसले. मागोमाग, लटपटत, मंजिरी. पोत्यानं पुसून तिचं अंग जरा कोरडं केलेलं.

दादा माझ्या बाजूला आले आणि जीपच्या दांडीला धरून उभे राहिले. "हौशे," ते म्हणाले.

"काय दादा?" मला वाटलं, काहीतरी काम राहिलं असेल सांगायचं.

त्यांनी ड्रायव्हरकडं बघितलं. आत्याबाईंकडं बघितलं. गळा खाकरला. कुणी ऐकू नये अशा बेतानं बोलले, पण आवाज तोच होता, बांधावरचा.

"जेवलीस का गं बाय?"

मी जेवले नव्हते. सगळ्यांना वाढता वाढता राहूनच गेलं होतं, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पण नाही कसं म्हणू? शेजारी सासू बसलेली, दारात आई उभी. माझ्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं आणि मान वर करून त्यांच्याकडं बघायची मला लाज वाटली.

"जेवले दादा," मी म्हटलं.

खाली मंजिरीनं शेपूट हलवलं. तिला वाटलं, तिलाच विचारलं.